आईंच्या नाकाची परवानगी

घरात गिटारवर लॅकर फवारायचा असेल तर माझ्या सासूबाईंच्या नाकाची परवानगी लागेल, असं आमच्याकडे ठरलं होतं. ठरवलं माझ्या नवऱ्याने. तो नोकरीसाठी ठाण्याला असतो. शनिवारी येतो, रविवारी जातो आणि तेवढ्यात आठवडाभराचे कायदे करून टाकतो. "तू गिटार कर नाहीतर बैलगाडी कर, मला काही नाही," तो म्हणाला, "पण आईच्या नाकाला त्याचा वास लागत असेल तर तुझा कारखाना बंद. कायमचा."

मला राग पटकन येतो, मी शिकवते त्या शाळेत विचारा कुणालाही. पण या अटीवर रागावण्यासारखं काही नव्हतं. आमचं घर जव्हारहून मोखाड्याला जाणाऱ्या रस्त्यालगतच्या एका पाड्यावर आहे. पुढच्या दोन खोल्या विटांच्या, मागचा भाग जुना कौलारू. त्या कौलारू भागात आईंचं चुलीचं स्वयंपाकघर आणि त्याला चिकटून गोठा. गुरं गेली, गोठा रिकामा झाला आणि तो मी बळकावला. दोन्हींच्या मध्ये फक्त कारवीच्या काड्यांचा, शेणामातीने सारवलेला कूड. म्हणजे कुडाच्या अलीकडे माझा लॅकर आणि पलीकडे चूल. लॅकर, म्हणजे लाकडाला चकाकी देणारा लेप, सहज पेट घेतो, आणि डबा दूर असला तरी त्याच्या नुसत्या वाफेला एक ठिणगी पुरते. पुढच्या खोलीत गॅसची शेगडी होती, पण आईंच्या लेखी ती पाहुण्यांच्या चहापुरती.

गिटारचं वेड मला कसं लागलं ते सांगते. डी.एड.ला असताना हौसेने एक स्वस्तातली गिटार घेतली होती. वाजवता कधीच धड आली नाही. एक दिवस ती खुंटीवरून पडली, तिची मान मोडली, आणि मी पहिल्यांदा आत डोकावून बघितलं. आत काहीच नव्हतं! चार पट्ट्या, थोडा गोंद, बाकी पोकळी. अरे, मग एवढा आवाज येतो कुठून? तो किडा डोक्यात शिरला तो शिरलाच. मोबाइलवर व्हिडिओ बघत बघत मी एक गिटार केली. ती बेसूर झाली. दुसरी बरी झाली, पण तिला लॅकर ब्रशने लावला आणि वाट लावली. लॅकरचा वरचा थर खालच्या थराला विरघळवतो. त्यामुळे ब्रश दुसऱ्यांदा फिरवला की खालचंही ओढलं जातं. सगळ्या अंगावर ओरखडे, त्यात ब्रशचे केस. नवरा म्हणाला, "छान आहे की. म्हशीला पण असेच असतात."

म्हणून तिसरी, शिवणीच्या लाकडाची, मला फवारायचीच होती. तिच्यात तोंड दिसलं पाहिजे, असा माझा हट्ट होता.

आता तुम्ही म्हणाल, यात सासूबाईंचं नाकच का? कारण आमच्या पाड्यावर त्या नाकाला मान होता. बाजारातून आणलेलं सुकट ओलसर आहे की नाही हे आई पिशवी न उघडता सांगायच्या. कणगीतल्या भाताला आतून वाफ धरली की त्यांना दारातून कळायचं. शेजारणी तुपाची बरणी घेऊन यायच्या, "मावशी, बघा जरा," म्हणायच्या. घराघरांत हवा तपासायचं यंत्र नसतं, आमच्याकडे आई होत्या. अट सांगितल्यावर त्या पदर सावरून म्हणाल्या, "मी बसतेय पडवीत. वास आला की आवाज देईन. तू लगेच बंद करायचं, बाय. गेला की ते पण सांगेन, मग चूल पेटवू."

घरात आम्ही आमच्या बोलीत बोलतो. इथे ते शाळेतल्या मराठीत उतरवतेय, त्यामुळे आईंचा ठसका थोडा कमी झालाय, तेवढं समजून घ्या.

मी तयारीला लागले. कोळशाच्या गाळणीचे डबे लावलेला चांगला मास्क मागवला, कारण साध्या कापडाच्या मास्कमधून लॅकरची वाफ सरळ आत जाते. फवारणीला हवा देणारा कॉम्प्रेसर बाहेर अंगणात ठेवला आणि लांब नळी गोठ्यात घेतली, म्हणजे मोटारीची ठिणगी आतल्या हवेला लागायला नको. दिव्याची वायर काढून टाकली, काम दिवसाउजेडी करायचं. फवारायच्या आधी चूल विझवून निखाऱ्यांवर पाणी. लॅकरची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीवरून सरपटत जाते, हे वाचल्यावर तर माझं कुतूहल आणखी चाळवलं. डोळ्यांना न दिसणारं काहीतरी आपल्या पायांशी सरपटत चाललंय आणि आपण गिटार बघत उभ्या! कुडाच्या तळाशी मी ओंजळीने माती लिंपली.

दिवाळी झाली, हवा कोरडी झाली. दमट हवेत लॅकरवर पांढरट धुरकट डाग येतात, म्हणून थांबले होते. एका रविवारी, नवरा ठाण्याच्या गाडीला लागल्यावर, आईंनी पडवीत बैठक मारली आणि मी फवारायची गन हातात घेतली. मोजून चार फटके मारले असतील, तेवढ्यात पडवीतून हाक. "आला गं वास! बंद कर!"

केलं बंद. काय करणार, नाक आईंचं. वर आईच म्हणाल्या, "त्याला इतक्यात नको सांगू. कर गं, कर."

मी विचार केला, तयारीत मी भिंतीला लावलेला पंखा हवा बाहेर ओढतोय, पण त्याच्या मोटारीतूनच ती वाफ जातेय. ते तसंही धोक्याचं. म्हणून पंखा उलटा केला. दारात बसवला, बाहेरची स्वच्छ हवा आत ढकलायची आणि गोठ्यामागच्या दरीच्या बाजूची फळी काढून तिकडून सगळं बाहेर घालवायचं. पुढच्या वेळी फवारलं. "आला गं! बंद कर!"

मग मला हवाच बघायची होती. हवा दिसत नाही म्हणजे काय, दाखवते, म्हटलं. लॅकरचे सगळे डबे पार आवाराबाहेर नेऊन ठेवले, गोठा तासभर उघडा टाकला आणि मग उदबत्ती पेटवून आत फिरले. काय मजा होती ती! दारापाशी धूर सरळ आत पळाला. मध्यभागी जरा घुटमळला. दरीच्या तोंडाशी तो बाहेर जाईल अशी माझी खात्री, तर तिथे तो चक्क मागे फिरला, वर चढला आणि कुडाच्या आणि कौलांच्या मधल्या फटीतून आईंच्या स्वयंपाकघरात गेला. मी वेड्यासारखी हसत उदबत्ती धरून उभी. कारण कळलं होतं. दुपारी दरीतून वारा वर चढतो आणि सरळ माझ्या उघड्या फळीच्या तोंडावर येतो. मी हवा ढकलत होते वाऱ्याच्या उलट, आणि ती बिचारी मिळेल त्या फटीतून पळत होती.

मग वरची फट प्लास्टिक लावून माती-भुशाने बंद केली. वेळ बदलली, सकाळी वारा पडलेला असताना काम करायचं ठरवलं. पुन्हा डबे दूर नेऊन उदबत्ती फिरवली. धूर शहाण्या मुलासारखा दारातून आत आला आणि दरीत निघून गेला. कुडाच्या पलीकडे स्वयंपाकघरात मी, धूर उठून दिसावा म्हणून, काळा पुठ्ठा धरून, वाकून, आडवी पडूनसुद्धा बघितलं. एक रेघ नाही. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

पुढच्या रविवारी नवरा येणार नव्हता, सकाळीच गन सुरू केली. "आला गं वास!"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. गन खाली ठेवली आणि तशीच मास्क लावून उभी राहिले. हे शक्य नव्हतं. धूर जात नाही तिथे वाफ कशी जाते? की वाफ वेगळ्या वाटेने जाते? की आईंचं नाक धुराहूनही तीक्ष्ण? खरं सांगते, पहिल्यांदा रागापेक्षा कुतूहलच जास्त होतं. शाळेत मी मुलांना सांगते, एका वेळी एकच गोष्ट बदलून बघा. म्हणून मी सगळं तसंच ठेवलं. तोच कॉम्प्रेसर, तीच गन, तोच फुसफुस आवाज. फक्त बदललं एवढंच की दुसऱ्या दिवशी, सोमवारची सुट्टी होती, गनमध्ये लॅकरऐवजी विहिरीचं पाणी भरलं.

फवारायला लागले. भिंतीवर, स्वतःच्या हातावर, थंडगार पाणी. थोडा वेळ काहीच नाही. मग पडवीतून खणखणीत हाक आली, "आला गं वास! बंद कर!"

मी हसत सुटले. मास्कमध्ये हसलं की चष्म्यावर वाफ येते, समोरचं काही दिसेना. आणि हसता हसताच राग चढला. म्हणजे या बाई मला इतके दिवस नाचवताहेत! यांना माझी गिटार नकोच आहे. सुनेने गोठ्यात बसून तारा जोडलेल्या यांना खपत नाहीत आणि तोंडावर मात्र "कर गं, कर!" मी गन हातात घेऊन तरातरा पडवीत गेले. "आई, पाणी होतं," म्हटलं. "नुसतं पाणी! कसला वास आला तुम्हाला?"

आईंनी नजर अंगणाकडे वळवली. मला वाटलं, पकडल्या. माझा आवाज आणखी चढला. "बोला ना! माझं काम आवडत नसेल तर तोंडावर सांगायचं होतं, हे नाटक कशाला?"

त्यांनी मान खाली घातली आणि पदराच्या टोकाला पीळ देत राहिल्या. पीळ देत देत म्हणाल्या, "नाय येत गं."

"काय नाय येत?"

"वास. कसलाच."

माझा विश्वास बसेना. मी आवाराबाहेर जाऊन लॅकर पातळ करायच्या थिनरचं फडकं आणलं, त्यांच्यापासून हातभर अंतरावर धरलं. वाफेने त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, पण चेहरा हलला नाही. नाक मुरडलं नाही, मान मागे गेली नाही. मी फडकं लांब फेकलं आणि त्यांच्याजवळ खाली बसले. पहिला विचार हाच आला, की मी केलं का हे? माझ्या लॅकरने?

"नाय गं," त्या म्हणाल्या. "तुझं हे सुरू व्हायच्या आधीपासून. मागे तो मोठा ताप आला होता ना, तो उतरला आणि हे गेलं. म्हटलं येईल परत. नाय आलं."

"मग 'आला, आला' कशाला ओरडत होता?"

"मशीनचा आवाज सुरू झाला की थोडं थांबायचं आणि ओरडायचं. नाय म्हटलं आणि आला असला तर? घर जळेल, बाय. आला म्हटलेलं बरं."

एवढ्या उदबत्त्या, एवढं लिंपण, पंखा इकडे अन् पंखा तिकडे, आणि हे सगळं कशावर चाललं होतं तर कॉम्प्रेसरच्या आवाजावर! पण माझं डोकं पुढे पळत होतं, ते मला थांबवता येईना. मी विचारलं, "आणि 'गेला' कशावरून म्हणायचात? तुम्ही 'गेला' म्हटल्यावर तर चूल पेटवायचो आपण."

"तू अंगणात येऊन मास्क काढायचीस ना," आई म्हणाल्या. "म्हटलं, हिने काढला म्हणजे गेला असेल."

मी मास्क काढायची ती घामाने जीव नकोसा व्हायचा म्हणून. आणि माझ्या नाकावर माझा भरवसा नव्हताच. लॅकरच्या सोबतीत थोडा वेळ राहिलं की नाक मरून जातं, त्याला काही कळेनासं होतं. म्हणून तर मी आईंच्या "गेला"ची वाट बघायची. म्हणजे त्या माझ्याकडे बघून सांगत होत्या आणि मी त्यांच्याकडे बघून काडी ओढू देत होते. आमच्या घरात आग आणि लॅकर यांच्यामध्ये कुणीच उभं नव्हतं. त्या कुडाकडे बघवेना मला.

"तुमच्या मुलाला सांगायला हवं," मी म्हटलं.

आईंनी माझं मनगट धरलं. असं त्या कधी धरत नाहीत. "त्याला नको. तो चूल काढून घेईल माझी. म्हणेल, वास नाय येत तर कशाला बसतेस विस्तवापाशी. मग मी करू काय दिवसभर? टीव्ही बघू?"

तेव्हा कळलं, इतके दिवस हे झाकून का ठेवलं ते. आणि मग मी मागचं आठवत बसले. हल्ली भाजी करताना आई एकदम गप्प व्हायच्या, मान वाकडी करून पातेल्याकडे कान द्यायच्या. मला वाटायचं, थकल्या. त्या ऐकत होत्या. फोडणी तडतडायची थांबली, आमटीचा बुडबुडा जड झाला, सगळं कानाने चाललं होतं. चाखायला म्हणून मला हाका मारायच्या, त्यात लाड नव्हता, तपासणी होती. शेजारणीची तुपाची बरणी हुंगल्यासारखं करून "ठेव, बघते" म्हणायच्या आणि मी घरी आले की मला म्हणायच्या, "बघ गं, मला सर्दी झालीय." एवढं सगळं एकटीने सांभाळलं, आणि मला काही कळलं नाही, मी हवेचा रस्ता शोधत होते!

पण लपवायला मी तयार नव्हते. "आई, विस्तवाशी खोटं नाही चालणार," मी सरळ सांगितलं. "तुम्ही सांगा नाहीतर मी सांगते." त्या चिडल्या. आठवडाभर माझ्याशी फक्त कामापुरतं बोलल्या, तेही भिंतीकडे बघून.

शनिवारी नवरा आला. पिशवी ठेवायच्या आत हसत म्हणाला, "काय आई, लागतो का वास? कारखाना बंद करायचा ना?"

आईंनी माझ्याकडे बघितलं. मी त्याच्या हातातली पिशवी घेतली. मग त्यांनीच सांगितलं, दोन वाक्यांत, जसं काही शेजारच्या कुणाबद्दल सांगताहेत.

त्याचा चेहरा उतरला. आधी डॉक्टरचं बोलला, ते बरोबरच होतं, पुढे जाऊन आलोही. डॉक्टर म्हणाले, येईल किंवा येणार नाही, वाट बघा. पण त्या शनिवारी त्याच्या तोंडून जे निघालं ते आईंना आधीच माहीत होतं. "मग उद्यापासून चूल बंद. गॅस पण नको. सगळं ही करेल, नाहीतर आपण बाई लावू."

आई तिथेच बसलेल्या. हात मांडीवर, तळवे वर. इतकी वर्षं त्या हातांना मी कधी असं रिकामं बघितलं नव्हतं.

"चूल कशाला बंद?" माझा आवाज हवा होता त्यापेक्षा जोरात निघाला. "चूल आधीची आहे. ती दिसते, तिचा आवाज येतो, आईंना ती कळते. न दिसणारं मी आणलंय घरात. ते जाईल."

"आणि तुझी गिटार?"

"गिटारला काय झालंय? चपडी लाख स्पिरिटमध्ये विरघळवायची आणि फडक्याने घासत बसायचं. तेही लांब, शेतावरच्या खळ्यात. तोंड नाही दिसणार तिच्यात. नाही तर नाही."

त्या चकाकीसाठी मी केवढा आटापिटा केला होता. आणि नेमका तेव्हाच माझा गोठा, हवेच्या बाबतीत, अगदी बिनचूक झाला होता. पण फवारणी सुरक्षित करायची म्हणजे पंखा, मास्क, फटी एवढंच नसतं. धोका झाला तर तो कुणाला कळणार, हेही त्यात येतं, आणि आमच्याकडे त्याचं उत्तर नव्हतं. नवरा म्हणाला, "आणि जळलं-बिळलं तर?" "मी आहे," मी म्हटलं, "आणि मी नसेन तेव्हा आई पेटती चूल सोडून उठणार नाहीत." आईंनी मान हलवली.

कॉम्प्रेसर आता पाड्यावरच्या सायकलींत आणि मोटारसायकलींत हवा भरतो. मोठा मान आहे त्याला.

लॅकरचे डबे द्यायचे होते जव्हारच्या एका पॉलिशवाल्याला. रविवारी दुपारी मी ते आवाराच्या टोकाला पोत्यात बांधत होते, तर आई चालत आल्या. आठवड्यात पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे बघून बोलल्या. "कसा असतो गं त्याचा वास?"

मी थबकले. "तुम्ही तर दर वेळी ओरडत होता की 'आला' म्हणून."

"कसा आला ते कुठे माहीत होतं? मी आपलं रॉकेल धरून चालले होते."

दोघी हसलो. मग माझ्या लक्षात आलं, मलाही नीट माहीत नव्हता, मी सदा मास्कमध्ये. एका डब्याचं झाकण किलकिलं केलं, हाताने जरा हवा ओढली आणि लगेच बंद केलं. "केळ्यासारखा," मी म्हटलं. "पिकून काळ्या पडलेल्या केळ्यासारखा. आणि त्याच्या मागून टोचतो."

"केळं?" आईंना गंमत वाटली. "विषाला केळ्याचा वास?"

मग त्या पोत्याच्या गाठीकडे बघत उभ्या राहिल्या. मला वाटलं, जातील आता. पण त्यांनी विचारलं, "आणि माझ्या भाकरीला येतो का गं अजून? की तो पण गेला?"

मी रोज ती भाकरी खात होते, पण वास कधी नीट घेतला नव्हता. मी त्यांना चुलीपाशी नेलं. त्यांनी नागलीची भाकरी थापली, तव्यावर टाकली, पालटली आणि माझ्याकडे बघत राहिल्या. मी तव्यावर वाकले, डोळे मिटून श्वास घेतला आणि एकेक करून सांगायला लागले. आधी ओल्या मातीसारखा. मग भाजलेल्या पिठाचा. मग कडेला करपायच्या जरा आधीचा, गोडसर. मग लाकडाचा धूर, त्यात मिसळलेला.

"हं," आई म्हणाल्या. त्यांनी दुसरा गोळा हातात घेतला. "अजून सांग."